त्र्याऐंशीवी संख्या

कळंबहून कालव्याच्या कडेकडेनं गेलं की खारतोड्यांची वस्ती लागते, आणि वस्तीच्या तोंडालाच जिल्हा परिषदेची चार खोल्यांची शाळा. त्या शाळेत दुपारची खिचडी शिजवणारी प्रयागबाई आकड्यांच्या नादी कशी लागली, हे वस्तीवर कुणालाही विचारा, जो तो वेगळं सांगेल. कुणी म्हणेल, मॅडमनी नादी लावलं. टपरीवाला सिद्धू म्हणेल, बाई मटका खेळत होती, आता कबूल करत नाही. खरं काय घडलं ते असं.

प्रयागबाईचं माहेर सुप्याकडचं. रान कोरडवाहू, बाजरीचं. बाप शाळेची पायरी चढला नव्हता, पण पाढे त्याला असे पाठ की झोपेत विचारले तरी चुकायचा नाही. बाजरी दाण्यावर आली की बापलेक पाखरं राखायला माळ्यावर बसायचे. बाप गोफण फिरवायचा आणि पाढा सुरू करायचा, पोरीनं पुढचा आकडा सांगायचा. सांगितला की दगड सुटायचा. बे एके बे पासून तीसापर्यंत, मग पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी. बाजरी निघेपर्यंत प्रयागला पन्नासापर्यंतचे पाढे यायला लागले. सातवीपर्यंत गणितात तिचा एक गुण कधी गेला नाही. सातवीच्या पुढं शाळा लांब होती, म्हणून ती घरी बसली. पुढं कळंबच्या आप्पासाहेब खारतोड्यांशी लग्न झालं. अडीच एकर ऊस, दोन म्हशी, आणि नवरा असा की दिवसभरात दहा शब्द बोलला तर खूप. पंचवीसेक वर्षं संसारात गेली, मग शाळेवर खिचडी शिजवायचं काम मिळालं. पाढे मात्र गेले नाहीत. भाकरी थापताना, म्हशीची धार काढताना ओठ हलत राहायचे. सासूला वाटायचं, सून देवाचं नाव घेते.

लॉकडाऊन उठून शाळा पुन्हा भरायला लागल्या त्या वर्षीची गोष्ट. सहावीच्या वर्गावर मालती मॅडम होत्या. बारामतीहून रोज स्कूटीवर यायच्या, चाळिशीच्या आतबाहेर, आवाज खणखणीत. प्रयागबाई वर्गाच्या खिडकीखाली ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली. आतून मॅडमचा आवाज आला, "आज आपण आकडे चाळायचे. चाळणी घेऊन!"

चाळणी म्हटल्यावर प्रयागबाईनं मान वर केली.

मॅडमनी फळ्यावर एक ते शंभर आकडे मांडले होते. एकाला पहिल्यांदाच बाजूला काढलं. मग दोन ठेवला आणि दोनाच्या पाढ्यातले बाकीचे सगळे खोडले. तीन ठेवला, तीनाच्या पाढ्यातले खोडले. मग पाच, मग सात. शेवटी फळ्यावर पंचवीस आकडे उरले. "ह्या मूळ संख्या," मॅडम म्हणाल्या, "यांना एकानं भाग जातो आणि त्यांचा त्यांना जातो. तिसऱ्या कुणाला दाद देत नाहीत."

प्रयागबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. पन्नास वर्षं ती पाढे म्हणत आली होती. पण कुठल्याच पाढ्यात न येणारे आकडे असतात, हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं. सतरा चोक अडुसष्ट, सतरा पाचे पंच्याऐंशी. मधला त्र्याहत्तर कुठं गेला? तो सतराच्यात नाही, तेराच्यात नाही, कुणाच्याच पाढ्यात नाही!

तास संपला. मॅडम वळल्या तसा त्यांचा कोपर फळ्याला लागला आणि ७३ मधला ३ पुसला गेला. उरला नुसता ७. प्रयागबाई खिडकीतून बघतच होती. त्र्याहत्तर मूळ. तीन गेला तरी सात, तोही मूळच. शेपूट तोडलं तरी जीव शाबूत! मग ह्याला अजून एक शेपूट लावलं तर?

त्या दिवशी स्वयंपाकखोलीच्या भिंतीवर कोळशानं पहिले चार आकडे उमटले. ७३१, ७३३, ७३७, ७३९. शेवटी सम आकडा ठेवला तर दोनानं भाग जाणार आणि पाच ठेवला तर पाचानं, म्हणून एक, तीन, सात, नऊ हे चारच शेवटाला चालतील, एवढं तिचं तिनंच ताडलं. सतरा त्रेचाळीस सातशे एकतीस, म्हणून पहिला पडला. अकरा सदुसष्ट सातशे सदतीस, तिसरा पडला. सातशे तेहतीस आणि सातशे एकोणचाळीस काही केल्या पडेनात. डाळ उतू गेली तेव्हा कुठं ती भानावर आली.

दुसऱ्या दिवशी तिनं मॅडमना ओट्यावरच गाठलं.

"मॅडम, सातशे एकोणचाळीसला कशानं भाग जातो का बघा बरं."

मालती मॅडमनी मोबाइल काढला, दोन मिनिटं बोटं चालवली. "नाही जात, मावशी. मूळ संख्या आहे. का?"

"आन् त्येचा नऊ काढला तर त्र्याहत्तर. तीन काढला तर सात. मधी कुठंच मोडत न्हाय. अशा आणखी किती असतील वो?"

मॅडम हसल्या, मग हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, "मला माहीत नाही, मावशी. मूळ संख्यांना अंत नाही हे माहीत आहे. पण अशा उजवीकडून तोडत गेलं तरी मूळच राहणाऱ्या... खरंच माहीत नाही."

"मग म्या बघते," प्रयागबाई म्हणाली, जसं काही कोपऱ्यावरून मीठ आणायचं होतं.

मीठ आणायला दोन वर्षं गेली.

जुन्या कॅलेंडरांच्या पाठी हा तिचा कागद. वस्तीवर कुणाच्या घरी कॅलेंडर संपलं की ते प्रयागबाईकडं पोचवायची रीतच पडली. आधी तिनं दहा हजारापर्यंतचे आकडे मांडून स्वतःची चाळणी केली. त्यातून बाराशे एकोणतीस मूळ संख्या निघाल्या. त्यांची यादी तिनं गोठ्याच्या भिंतीवर खडूनं उतरवली, कारण म्हशीपाशी बसून बघायला बरं पडायचं. सिद्धू एकदा दूध न्यायला आला आणि भिंत बघून त्याचे डोळे फिरले. हळू आवाजात म्हणाला, "मावशी, आज कुठला आकडा येणार?"

"सदुसष्ट हजारातला न्हाय येत, येवढं सांगते," प्रयागबाई म्हणाली. सिद्धूला ती खूण वाटली. आठवडाभर तो गावात सांगत फिरला की मावशीला आतली माहिती आहे.

खेळाचे नियम तिचे तिलाच सापडत गेले. आकड्यांची बेरीज तीनाच्या पाढ्यात आली तर संख्या तिथंच खाली बसते, पुढं बघायला नको. भागत भागत जाताना भागाकार भाजकापेक्षा लहान झाला की थांबायचं, त्याच्या पुढं कष्ट वाया. मालती मॅडमनी हे ऐकलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मावशी, हे आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं." आणि दुसऱ्या दिवशी बारामतीहून एक आठ आकडी कॅल्क्युलेटर आणून तिच्या हातात ठेवला. शंभराच्या आतले भाजक ती तरीही हातानंच करायची. त्याला काय यंत्र लागतंय, म्हणायची.

दोनापासून, तीनापासून, पाचापासून, सातापासून अशा चार फांद्या फुटल्या होत्या. त्रेपन्नाची फांदी लगेच वाळली, त्याला कुठलंच शेपूट चालेना. पण सातशे एकोणचाळीस पुढं सरकत राहिला. सात हजार तीनशे त्र्याण्णव. मग त्र्याहत्तर हजार नऊशे एकोणचाळीस. आणि त्याला तिनं एक लावला, मूळ. तीन लावला, मूळ. सात लावला, मूळ! मग नऊ लावला. तो भाजक, हा भाजक, यादी सरत आली आणि कशानंच भाग जाईना. चारही! आत्तापर्यंत एवढ्या मोठ्या संख्येला चारही शेपटं कधी चालली नव्हती. ती उठून अंगणात आली आणि पाण्याची मोटर दुरुस्त करत बसलेल्या आप्पासाहेबांना म्हणाली, "अवो, चारी लागले!"

आप्पासाहेबांनी पान्हा खाली ठेवला. "चारी बोल्ट?"

"आकडे वो!"

"बरं झालं," आप्पासाहेब म्हणाले, आणि त्यांना मनापासून बरं वाटलं.

पाच आकडी पंधरा सापडल्या, सहा आकडी बारा, सात आकडी आठ. पुढं फांद्या विरळ होत चालल्या. आठ आकड्यांवर चारच उरल्या. त्यांना नववा आकडा लावायला गेलं की एकूण एक संख्या कुठं ना कुठं मोडायची. नऊ आकडी संख्या कॅल्क्युलेटरात मावत नव्हती, तिथं हातानं भागाकार आले. शेवटची संख्या ज्या दिवशी पडली त्या दिवशी प्रयागबाई शाळेत जरा लवकरच गेली आणि मॅडमची स्कूटी यायची वाट बघत फाटकात उभी राहिली.

"मॅडम, संपलं."

"काय संपलं, मावशी? गॅस?"

"आकडे. माझ्या संख्या. आता पुढं येकबी जात न्हाय. समद्या मिळून ब्याऐंशी. सगळ्यात थोरली पाच कोटी त्र्याण्णव लाख त्र्याण्णव हजार तीनशे एकोणचाळीस."

मालती मॅडमनी हेल्मेट काढलं. "मूळ संख्या संपत नाहीत, मावशी."

"त्या न्हाय संपत. पर शेपूट तोडून जगणाऱ्या संपत्यात. म्या शेवटपतूर जाऊन आले."

मॅडमनी सगळ्या कागदांचे फोटो घेतले. तो शुक्रवार होता. शनिवारी सकाळची शाळा, त्या आल्या त्या थेट स्वयंपाकखोलीतच. चेहरा असा की हसू की काय करू.

"मावशी, बसा. काल घरी जाऊन मी इंटरनेटवर शोधलं. तुम्ही जे शोधलंत ना, ते गणितातल्या लोकांनी आधीच शोधून ठेवलंय. अशा संख्यांना वेगळं नावसुद्धा आहे. आणि त्या खरंच संपतात. आठ आकड्यांवरच संपतात."

मॅडमना वाटलं होतं, बाईचा विरस होईल. प्रयागबाई मात्र पाटावरून उठली, तिनं दोन्ही हातांनी मॅडमचे दंड धरले.

"म्हंजी हे हाय? खरंच हाय? दुसऱ्या कुनालाबी तितंच थांबावं लागलं? म्या येडी न्हाय?"

"अजिबात नाही. पण मावशी..." मॅडमनी आवाज खाली घेतला. "त्यांच्या यादीत त्र्याऐंशी आहेत."

प्रयागबाईनं मॅडमचे दंड सोडले आणि डाळीखालचा गॅस बारीक केला.

"त्र्याऐंशी?"

"तुमच्या ब्याऐंशी सगळ्याच्या सगळ्या बरोबर आहेत. एक राहिली आहे. कोणती ते मला कळलंय. सांगू?"

"नगा!" प्रयागबाई एवढ्यानं ओरडली की बाहेर रांगेत उभी राहिलेली पोरं गप्प झाली. "मॅडम, तुमाला रेणुकाईची आन हाय. येक अक्षर बोलू नगा. चेहऱ्यावरबी दावू नगा."

मग तिनं तिथंच बोटांवर हिशेब केला. "ब्याऐंशी चोक तीनशे अठ्ठावीस. येवढ्या शेपटाच्या संख्या म्या तपासल्या. त्यातल्या अठ्ठ्याहत्तर ठेवल्या, मूळच्या चार सोडून. अडीचशे टाकल्या. त्या अडीचशांत येक जिती हाय. म्या जित्या संख्येला मेलेली म्हणून टाकलं बगा, मॅडम!"

हे शेवटचं वाक्य ती अशा काही आवाजात म्हणाली की मॅडमच्या अंगावर काटा आला. पण प्रयागबाईचे डोळे चमकत होते. दोन वर्षांत तिला एवढ्या उत्साहात कुणी पाहिलं नव्हतं.

ती दुपार, ती संध्याकाळ तिनं टाकलेल्या संख्यांवरच घालवली. युक्ती सोपी होती. जिच्यापुढं जो भाजक लिहिलाय तो आणि भागाकार, दोन्हींचा उलटा गुणाकार करायचा. मूळचीच संख्या परत आली तर टाकलं ते बरोबर. तीनानं पडलेल्या झटक्यात निघाल्या, त्यांची नुसती बेरीज बघायची. सातानं, अकरानं, तेरानं पडलेल्यांना वेळ लागला. गुणाकाराचं उत्तर बरोबर आलं की ती पुढच्या संख्येकडं वळायची. जन्मात पहिल्यांदा तिला आपलं गणित चुकावं असं वाटत होतं.

रविवारी सकाळी आप्पासाहेबांची कालव्याच्या पाण्याची पाळी होती. प्रयागबाई न्याहारी घेऊन उसात गेली ती कॅलेंडरंही काखोटीला मारूनच. आप्पासाहेब खोरं घेऊन सरीत पाणी वळवत होते, ती बांधावर बसली. एकशे नव्वद झाल्या. दोनशे झाल्या. दोनशे दहाच्या आसपास सात कोटी एकोणचाळीस लाखांतली एक आली. ७३९३९१३३. पुढं लिहिलेलं, एकतीसनं भाग जातो, भागाकार तेवीस लाख पंच्याऐंशी हजार एकशे तेहतीस.

तिनं गुणायला घेतलं. एकतीस म्हणजे तीस पट आणि वर एक पट. बेरीज मांडली. उत्तर आलं सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेवीस.

तेवीस?

वर बघितलं. तेहतीस. खाली बघितलं. तेवीस. पुन्हा गुणलं. तेवीसच.

मग तिनं भागाकार केलेला जुना कागद शोधून काढला आणि डोळ्यांजवळ धरला. संख्या त्या कागदावर उतरवून घेताना हात घाईत होता. तीनाला दोन पोटं असतात, एका तीनाचं खालचं पोट लिहायचं राहून गेलं होतं आणि तीनाचा दोन झाला होता. तिनं भलत्याच संख्येला भागलं होतं! एकतीसनं भाग जात होता तो तेवीसवालीला. तेहतीसवाली बिचारी दीड वर्षं काही गुन्हा नसताना मेलेल्यांत पडून होती.

"तेहतीस!" प्रयागबाई किंचाळली. "अवो, तेवीस न्हाय! तेहतीस!"

आप्पासाहेब खोरं उगारून धावत आले. "कुठं हाय? कुठं गेला?"

"कोन?"

"साप!"

"साप न्हाय वो, तीन हाय तीन! दोन न्हाय, तीन!" आणि ती हसत सुटली, हसता हसता डोळ्यांना पदर लावला. आप्पासाहेब खोरं टेकून उभे राहिले. मागं सरी फुटून पाणी शेजारच्या वाफ्यात चाललं होतं, त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही.

तिनं मॅडमना फोन लावला.

"मॅडम, म्या बोलते, तुमी गप ऱ्हावा. सात कोटी, एकोणचाळीस लाख, एकोणचाळीस हजार, एकशे तेहतीस."

 मॅडमच्या बारामतीच्या घरातून अशी आरोळी आली की मोबाइल कानापासून लांब धरावा लागला. "मावशी! तीच! आणि सगळ्यात मोठीसुद्धा तीच! ह्याच्यापेक्षा मोठी जगात नाही!"

"थांबा, थांबा. अजून ती मूळ हाय असं ठरलं न्हाय. एकतीसनं मोडत न्हाय येवढंच कळलंय. समदे भाजक लावून बघाय पायजेत."

"अहो, यादीत आहे ना ती!"

"यादी त्यांची हाय," प्रयागबाई म्हणाली. "माझी न्हाय झाली अजून."

एका संख्येसाठी हजाराहून जास्त भाजक होते. घरी शंभरेक करायचे, शाळेत खिचडी उतरवल्यावर पन्नासेक. चौथ्या दिवशी पोरांना पत्ता लागला. डबा धुऊन झाला की सगळा सहावीचा वर्ग ओट्यावर गोळा व्हायचा. प्रयागबाई भाजक सांगायची, कॅल्क्युलेटर दाबायची, पडद्यावर टिंबाच्या पुढं आकडे आले की पोरं ओरडायची, "वाचली!" भाजक चार हजाराच्या पार गेला. वाचली. सहा हजार. वाचली. मुख्याध्यापक आधी रागानं बघायला आले, मग खुर्ची घेऊन बसायलाच लागले.

नवव्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला प्रयागबाई लागणाऱ्या शेवटच्या भाजकाला पोचली. आठ हजार पाचशे सत्त्याण्णव. पोरं ओट्यावर पुढं सरकली. हा शेवटचा भागाकार तिनं यंत्र बाजूला ठेवून खडूनं फरशीवर केला, सगळ्यांना दिसावा म्हणून. भाग गेला आठ हजार सहाशे वेळा, बाकी राहिली चार हजार नऊशे तेहतीस.

"वाचली!"

"थांबा रं. पुढचा भाजक आठ हजार पाचशे नव्व्याण्णव. त्येनं भागलं तर येत्यात आठ हजार पाचशे अठ्ठ्याण्णव आन् वर थोडी बाकी. भागाकार भाजकापेक्षा खाली गेला." तिनं खडू खाली ठेवला. "म्हंजी आता जगात कुनीबी हिला मोडू शकत न्हाय."

मग पोरांनी जो गोंधळ घातला तो कालव्यापलीकडच्या वस्तीवर ऐकू गेला म्हणतात. मालती मॅडम पोरांबरोबर नाचल्या. मुख्याध्यापकांनी शाळा अर्धा तास आधी सोडली आणि त्याचं कारण नोंदवहीत काय लिहावं हे त्यांना शेवटपर्यंत सुचलं नाही. त्या संख्येला नववं शेपूट लावून बघायचं काम प्रयागबाईनं नंतर केलं. एक आणि सात तीनानंच गेले. तीन लावलेली एकशे सत्तावीसनं पडली. नऊ लावलेलीनं मात्र आठवडाभर नाचवलं, पण अखेर तीही पडली. आता खरोखर सगळं संपलं होतं.

डिसेंबरात गणित दिन असतो. मालती मॅडमच्या ओळखीचे अनिमेष सर बारामतीच्या एका कॉलेजात गणित शिकवायचे. मॅडमनी पाठवलेले कॅलेंडरांचे फोटो बघून त्यांनी स्वतः कळंबला येऊन आमंत्रण दिलं. प्रयागबाई हिरवं इरकल नेसली, आप्पासाहेबांनी परीटघडीची टोपी घातली आणि दोघं एसटीनं बारामतीला गेली.

सभागृहात दीडदोनशे मुलंमुली. प्रयागबाईला वाटलं होतं, घाम फुटेल. पण समोर काळा फळा दिसला आणि भीती कुठच्या कुठं गेली. तिनं हातभर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ७३९३९१३३. या वेळी प्रत्येक तीनाला दोन्ही पोटं नीट काढली.

"ही मूळ हाय. तुमच्या मोबाइलवर बगा."

माना खाली गेल्या, बोटं चालली. "मूळ!" कुणीतरी ओरडलं.

प्रयागबाईनं तळहातानं शेवटचा तीन पुसला. "आता?"

"मूळ!"

आणखी एक पुसला. "आता?"

"मूळ!" आता सगळेच ओरडत होते, मोबाइल बघायच्या आधीच. एकेक आकडा पुसत ती मागं चालली होती आणि प्रत्येक आरोळी आधीच्यापेक्षा मोठी होती. सात हजार तीनशे त्र्याण्णव, मूळ! सातशे एकोणचाळीस, मूळ! त्र्याहत्तर, मूळ! शेवटी फळ्यावर एकटा सात उरला आणि प्रयागबाईचा तळहात खडूनं पांढरा झाला होता. पोरं बाकांवर चढली. मागच्या भिंतीला टेकून बसलेले आप्पासाहेब टाळ्या वाजवायला उठले आणि कार्यक्रम संपेपर्यंत बसलेच नाहीत.

अनिमेष सरांनी माईक तिच्या हातात दिला. "प्रयागताई, दोन वर्षांत सगळ्यात जास्त आनंद कधी झाला?"

तिनं थोडा विचार केला. "येक राहिलीय असं मॅडम म्हणाल्या ना, तवा."

मुलं हसली.  प्रयागबाईनं माईक पुन्हा तोंडाजवळ धरला.

"सर, येक इचारू का? आमी उजवीकडनं पुसलं. डावीकडनं पुसत गेलं तर?"

अनिमेष सरांचे डोळे लकाकले. "शून्य न वापरता? त्याही संख्या संपतात, ताई. पण फार लांब जाऊन. सगळ्या मिळून चार हजार दोनशे साठ आहेत. आणि सगळ्यात मोठी चोवीस आकडी."

"चोवीस!" प्रयागबाई आप्पासाहेबांकडं वळून म्हणाली. "ऐकलं का, चोवीस आकडी हाय!"

दुसऱ्या दिवशी पहाटे आप्पासाहेब धार काढायला उठले तेव्हा चुलीजवळ नवं कॅलेंडर उलटं पसरलेलं होतं आणि प्रयागबाई त्याच्यावर वाकलेली. तेरा, तेवीस, त्रेचाळीस, त्रेपन्न, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी. सतरा, सदतीस, सत्तेचाळीस, सदुसष्ट, सत्त्याण्णव.

"किती झाल्या?" त्यांनी विचारलं.

"पयल्या चार धरून पंधरा."

"ऱ्हायल्या किती?"

"चार हजार दोनशे पंचेचाळीस," प्रयागबाई म्हणाली, मान वर न करता, आणि तिच्या आवाजात अशी काही खुशी होती की आप्पासाहेबांनी बादली खाली ठेवली आणि दोघांचा चहा स्वतःच टाकला.